शेवटच्या बांधीपर्यंत इंटरनेट

या प्रकरणात मी एकूण दोन चुका केल्या. कार्यालयाकडून आलेला अर्ज न वाचता भरला ही पहिली. वाचल्यावरही तो मागे घेतला नाही ही दुसरी. बाकी जे घडलं ते गावानं घडवलं, आणि बावीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्या माणसाला श्रेय कोणाचं कोणाला द्यायचं एवढं तरी कळायला हवं.

मी नागपूरच्या एका दैनिकाचं गोंदिया जिल्ह्याचं पान लावतो. त्यात आमगावच्या बाजारभावापासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळं असतं आणि ते रोज दुपारी साडेचारला नागपूरला पोचलेलं असतं. बावीस वर्षांत ते चारदा उशिरा गेलं. चारही तारखा मला पाठ आहेत.

गेल्या सप्टेंबरात आमचं गोंदियातलं कार्यालय बंद झालं. सगळ्यांनी घरूनच काम करायचं ठरलं. पान लावायचा संगणक आता कंपनीच्या क्लाऊडवर. आपण घरी बसून इंटरनेटवरून त्याचा पडदा उघडायचा, माऊस इथं हलवायचा आणि बाण तिथं हलणार. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. घरून काम करायचं तर गोंदियातलं भाड्याचं घर कशाला, असा प्रश्न माझ्या बायकोनं, पुष्पांजलीनं, विचारला. त्याचं उत्तरही तिनंच दिलं आणि आम्ही तिच्या माहेरी, चिचगडच्या रस्त्यावरच्या तलावटोलीला राहायला आलो.

तलावटोली दीडशे घरांची. पुष्पांजलीच्या घराण्यानं या भागात पिढ्यानपिढ्या तलाव बांधले. गावचा मोठा तलाव तिच्याच पणजोबांनी बांधलेला. त्यामुळे गावात मान आहे, पण तो घराण्याला. मी जवाई. जवायाला इथं खाट मिळते, पहिला चहा मिळतो आणि कोणत्याही गंभीर विषयावर कोणी काही विचारत नाही. तलावाच्या पाण्याच्या पाळ्या दरवर्षी वाचून दाखवतात. त्यात प्रत्येक घराचं नाव असतं, पण जवायाचं कधीच नसतं. मला शेती नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं. निदान घेतलं नाही असं म्हणत होतो.

तर, अर्ज. तो पाठवला होता नागपूरच्या तंत्र विभागातल्या रुची मॅडमनी. त्यात दोन चौकटी होत्या: 'आपली जोडणी लवचिक आहे काय?' आणि 'आपली जोडणी विस्तारक्षम आहे काय?' मी दोन्हींवर बरोबरची खूण केली आणि मग फोन करून अर्थ विचारला.

"लवचिक म्हणजे सर, एक लाईन पडली तर दुसरीनं काम उचललं पाहिजे. आणि विस्तारक्षम म्हणजे उद्या त्याच जोडणीवर चौपट माणसं आली तरी ती कोलमडता कामा नये."

"माझ्या जोडणीवर चौपट माणसं कशाला येतील? मी एकटाच आहे."

"सगळे असंच म्हणतात, सर," त्या म्हणाल्या. "आणि एक. महिन्यात तीनदा पान उशिरा आलं, तर ते पान नागपूरहूनच लावायचं असा निर्णय झालाय."

नागपूरहून लावायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मी एकदा आजारी होतो तेव्हा तिथल्या कोणीतरी पान लावलं आणि गोंदियाजवळच्या बिरसीचं विमानतळ भंडारा जिल्ह्यात नेऊन ठेवलं. हे पान माझ्या हातून जाणं म्हणजे माझी नोकरी जाणं नव्हतं, ते मला नागपुरात एखादी खुर्ची देतील. पण मग मी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

गावात फायबरची वायर ग्रामपंचायतीपर्यंत आली होती. तिथून आमचं घर सातवं. मी देवरीच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे दोन लाईनी नोंदवल्या. दोन्हींचं काम करायला आला एकच माणूस, ओमेश. पन्नाशीचा, शांत, कानामागे पेन्सिल. "सर, तालुक्यात शिडी एकच आहे," त्यानं खुलासा केला. वायर टाकायला ग्रामपंचायतीची परवानगी लागते, हेही त्यानं शिडीवर चढल्यानंतर सांगितलं.

ग्रामसेवक योगराज मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मी मंगळवारी गेलो. त्यांच्याकडे इंटरनेट जोडणीचा नमुना अर्ज नव्हता. जोडणीचा एकच नमुना होता, नळाचा.

"हाच भरा," योगराज म्हणाले. "जोडणी ते जोडणी."

मी भरला. 'जोडणीचा प्रकार: अर्धा इंच किंवा पाऊण इंच' इथं मी बराच वेळ थांबलो. योगराजांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं आणि पाऊण इंचावर खूण केली. "तुमी पेपरवाले. जास्त लागन."

अर्ज नळाचा असल्यामुळे तो नियमानुसार पाणी समितीकडे गेला. आणि पाणी समिती म्हणजे बकारामबुवा. हे पुष्पांजलीचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वय शहात्तर. चाळीस वर्षं गावचे पाणकर: तलावाचं पाणी कोणत्या बांधीला कधी आणि किती सोडायचं, हे ठरवणारा माणूस. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर. बुवा हातात काठी घेऊन संध्याकाळी घरी आले, खाटेवर बसले आणि चष्म्याशिवाय अर्ज उलटा धरून म्हणाले, "जवाईबापू, तुमचं हे नेट येते कोठून?"

"ग्रामपंचायतीतून."

"आन् जाते कोठी?"

"नागपूरला. म्हणजे नागपुरातही नाही. तो संगणक कुठंतरी आहे."

"कुठं आहे ते मालकालेच मालूम नाई?" बुवांनी पुष्पांजलीकडे पाहिलं. "पोरी, तुयं लग्न करतानी मी हेच म्हणलो होतो."

परवानगी मिळाली. खांब नव्हते, म्हणून ओमेशनं दोन्ही वायरी मधल्या सहा घरांच्या कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून, आणल्या आणि आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दुर्गेश्वरीबाई दारात उभ्या. या आमच्या शेजारच्या, बचत गटाच्या अध्यक्ष.

"जवाईबापू, आमच्या घरावरून वायर जाऊन राहिली ना?"

"हो. काही त्रास?"

"तरास कायचा? आमचं नेट कधी चालू करता?"

मी समजावलं, की वायर फक्त वरून जाते, ती माझी आहे. दुर्गेश्वरीबाई बुवांना घेऊन आल्या. बुवांनी एका वाक्यात निकाल दिला. ज्याच्या बांधीतून पाट जातो त्याला पाणी द्यावंच लागतं. तलावाचा हा रिवाज त्यांच्या आजोबांपासूनचा आहे. कवेलू ही बांधी, वायर हा पाट. मी म्हणालो, हा तलाव नाही. बुवांनी खिशातून ग्रामपंचायतीचा कागद काढला. त्यावर माझी सही होती आणि वर ठळक अक्षरांत छापलं होतं: नळजोडणी.

अशा रीतीनं सहा घरांना पासवर्ड गेला. पहिले दोन दिवस माझी गावात इतकी वाहवा झाली, की मला तो माझाच विचार होता असं वाटू लागलं. किराणावाला दुलीचंद रस्त्यातून हाक मारायचा, "अरे जवाईबाबू, क्या नेट है! कुस्ती एकदम साफ दिसून राहिली!"

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी पान लावायला बसलो. त्याच वेळी दुलीचंदची कुस्ती होती, दुर्गेश्वरीबाईंचा गट मोहाच्या लाडवांचा व्हिडिओ बघत होता आणि उरलेली चार घरं काय बघत होती ते मी विचारलं नाही. माऊस हलवला की चार सेकंदांनी बाण हलायचा. पशुप्रदर्शनात पहिली आलेल्या म्हशीचा फोटो मी अलगद उचलला आणि बाजारभावाशेजारी ठेवला. चार सेकंदांनी ती शोकसंदेशात उतरली, चिचगडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावावर. ती तिथून काढायला वीस मिनिटं गेली. पान चार बावन्नला पोचलं.

"एक," रुची मॅडम फोनवर म्हणाल्या. एवढंच.

मी बुवांकडे गेलो. त्यांना राग आला, पण माझा नाही. "वरचे लोक सगळं पिऊन टाकतात आन् शेवटची बांधी कोरडी. हे तं आमी रोज पायतो." त्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं पाळ्या लिहिल्या. सकाळ बचत गटाची, दुपार दुलीचंदची, तीन ते साडेचार माझी. मग विचारलं, "गेट कोठी आहे?"

मी राउटर दाखवला. त्यावरचे हिरवे दिवे बुवांनी बराच वेळ पाहिले. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन पंचावन्नला ते काठी घेऊन यायचे आणि राउटरजवळ खाट ओढून बसायचे. ज्याची पाळी नाही त्याचं नाव ते दारातून ओरडायचे. त्यांच्या आवाजापुढे पासवर्ड बदलायची कधी गरजच पडली नाही.

अडचण एकच होती. त्यांचं तोंड माझ्या पडद्याकडे असायचं.

"जवाईबापू, तुमी काम कवा सुरू करता?"

"हे कामच चाललंय, बुवा."

"नुसतं बोट हालवून राहिले तं." त्यांनी पडद्याकडे काठी केली. "आन् ह्याचे पैसे देतात?"

पान मात्र रोज चार वीसला जायला लागलं. एकदा चार बाराला गेलं. त्या दिवशी मी बुवांना कौतुकानं माझी दुसरी लाईन दाखवली. एक लाईन पडली तर दुसरी काम उचलते, हे समजावलं.

बुवांनी कडुनिंबाकडे पाहिलं. दोन्ही वायरी एकाच सुतळीनं बांधलेल्या होत्या, अगदी नीटनेटक्या. "दुसरा पाट कोठून आणला?"

"तिथूनच. ग्रामपंचायतीतून, त्याच सहा घरांवरून."

बुवा इतके हसले, की पुष्पांजली पाणी घेऊन धावत आली. का हसले, ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळी झाली, धान कापणीला आलं आणि त्याचं उत्तर आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, आलं.

मळणी झाली की धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, ट्रॅक्टरवर रचून घरी आणतात. रचणाऱ्याची प्रतिष्ठा उंचीवर असते. दुलीचंदनं त्या वर्षी आपली प्रतिष्ठा कवेलूंच्याही वर नेली होती. दुपारी दोन चाळीसला त्याचा ट्रॅक्टर आमच्या गल्लीत शिरला आणि दोन्ही वायरी, सुतळीसकट, कडुनिंबाच्या एका फांदीसकट, तणसात गुंडाळून पुढे निघून गेला. मी मागे धावलो. एका हातात राउटर होता, कारण त्याचीही वायर जोडलेलीच होती.

"भैया, रोको!" मी ओरडलो. गोंदियात राहून घाईत हिंदीच येते.

दुलीचंद ट्रॅक्टरवरून म्हणाला, "टेन्शन मत लो जवाईबाबू, तणीस को कुछ नहीं हुआ!"

मी मोटरसायकल काढून देवरी गाठली, एका झेरॉक्सच्या दुकानात बसून पान लावलं. पाच सत्तेचाळीस.

"दोन," रुची मॅडम म्हणाल्या. मग थोडं मऊ होऊन, "पण सर, तुमच्या दोन लाईनी होत्या ना?"

"होत्या. दोन्ही एकाच ट्रॅक्टरवर गेल्या."

ओमेशनं त्याच संध्याकाळी पहिली वायर पुन्हा कवेलूंवर चढवली. महिना संपायला सहा दिवस होते आणि त्यातल्या पाचव्या दिवशी होतं मंडई विशेष पान. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. लेकी, जवाई, पाहुणे सगळे येतात, दुकानं लागतात, नाटकं होतात. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी आणि तिथं कोणतं नाटक, ही एकेचाळीस गावांची यादी आमच्या पानावर येते आणि ती बघूनच लोक निघतात. ते पान उशिरा गेलं तर यादी नाही, आणि माझं पानही नाही. तलावटोलीचं नाव यादीत एकेचाळिसावं होतं.

रविवारी सकाळी बुवा मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घेऊन गेले. काठीनं पाण्याकडे दाखवलं. "या तलावाले पाणी दोन नाल्यांतून येते. एक पूर्वेकडून, एक डोंगराकडून. एक आटला तं दुसरा भरते. दोन्ही एकाच नाल्यावर धरले असते तं तो दुसरा कायचा दुसरा?" मला तेव्हा हसण्याचा अर्थ लागला. त्यांनी काठी तलावापलीकडच्या रस्त्यावर रोखली. तिथल्या धानगिरणीत दुसऱ्या कंपनीची लाईन वेगळ्याच बाजूनं, रस्त्यानं, आली होती.

तलावाची डागडुजी असते तेव्हा घरटी एक माणूस येतो. बुवांनी तसाच निरोप फिरवला. दहा वाजेपर्यंतच पाळीवर चाळीस माणसं होती, त्यात ओमेश आणि तालुक्यातली ती एकमेव शिडी. मोहाच्या झाडांवरून, ट्रॅक्टर जाऊच शकत नाही अशा बाजूनं, तीन वाजेपर्यंत वायर आमच्या घरी आली. मला कोणी हात लावू दिला नाही. "तुमी बसा जवाईबापू, चहा घ्या." मी चहा घेतला. तिसऱ्या कपानंतर तो कडू लागायला लागला. दरम्यान धानगिरणीकडच्या नऊ घरांवरून वायर आली होती, म्हणजे नऊ घरांचा हक्क. माझ्या जोडणीवर आता सोळा घरं झाली. चौपट माणसं कशाला येतील, हे मीच म्हणालो होतो.

मंडई विशेष पानाचा दिवस. तीन वाजता मी बसलो, बुवा काठी घेऊन बसले. तीन दहाला पहिली लाईन गेली. कवेलूंवर वानरं आली होती. राउटरवरचा दिवा लाल झाला, मी डोळे मिटले, उघडले तेव्हा तो हिरवा होता. दुसऱ्या लाईनीनं काम उचललं होतं! मी खुर्चीतून उठून बुवांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "बसा. बोट हालवा."

पण बाण हलेना. चार सेकंद, सात, अकरा. आमच्या मंडईला दोनच दिवस उरले होते. सोळाही घरांत पाहुणे आले होते. पाहुण्याला कोणी पाणी नाही म्हणत नाही, त्यामुळे पासवर्डही नाही म्हटलं नव्हतं. बुवांच्या पाळ्या घरांना माहीत होत्या, पाहुण्यांना नव्हत्या. मोजून नव्वद फोन माझ्या पाऊण इंचावर होते. तीन पन्नासला एकेचाळीसपैकी अकरा गावं लागली होती. चार पाचला पडदा गोठला.

"गेलं," मी म्हणालो. "बुवा, पान गेलं."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच पडद्याकडे न बघता माझ्याकडे. मग उठले, दुर्गेश्वरीबाईंच्या घरून डफ आणला आणि गल्लीत उभे राहून वाजवला. धानाचं पाणी कमी पडतं त्या वर्षी वाजतो, तोच.

"शेवटच्या बांधीले पाणी जाऊन राहिलं! आपापले गेट बंद करा!"

गावाला हे वाक्य कळतं. ते ऐकलं की वरचा शेतकरी आपल्या बांधीचं तोंड मातीनं बुजवतो आणि पाणी शेवटपर्यंत जाऊ देतो. यात वाद घालायचा नसतो. दुर्गेश्वरीबाई सूप घेऊन घरोघर निघाल्या. "टाका इथं. तुमीही टाका, कुठले पाहुणे? आमगावचे? आमगावचे असाल, आमच्याकडं हा रिवाज आहे." दुलीचंद धानगिरणीकडे धावला. "सब का बंद! साला पेपर की बात है!" सुपात फोन खडखडत होते आणि पाहुणे एकमेकांना विचारत होते, की इथं कोणी वारलं काय.

चार बाराला बाण हलला. एकदम, पाण्यासारखा. मी बोटं चालवली. वीस गावं, तीस गावं. पुष्पांजली शेजारी उभी राहून नाटकांची नावं तपासत होती. एकतीसवर तिनं एक तारीख चुकलेली पकडली. चाळीस. एकेचाळीस: तलावटोली. मी पाठवायचं बटण दाबलं. चार अठ्ठावीस.

फोन वाजला. "सर," रुची मॅडम म्हणाल्या, "पान आलं. छान लागलंय." मी त्यांना नव्वद फोनांचं सांगितलं. "आमच्याकडे नोंद दिसतेय, तुमची एक लाईन पडली तरी काम तुटलं नाही. आणि जोडणीवर नव्वद माणसं होती? ही रचना कोणी केली? इतर जिल्ह्यांतल्या वार्ताहरांना पाठवायची आहे. तंत्रज्ञाचं नाव आणि हुद्दा सांगाल का?"

"बकाराम," मी सांगितलं. "हुद्दा, पाणकर."

"पा-ण-क-र," त्यांनी लिहून घेतलं. "हा नवा कोर्स आहे का?"

"जुना आहे," मी म्हणालो.

फोन सुपातून परत घ्यायला कोणाला घाई नव्हती. गल्लीत खाटा निघाल्या होत्या, गप्पा रंगल्या होत्या, आमगावच्या पाहुण्यांना दुर्गेश्वरीबाईंच्या मोहाच्या लाडवाची चव कळली होती. सूप सहा वाजेपर्यंत तसंच भरलेलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला, यादी लोकांनी हातोहात नेली. मंडईच्या दुपारी बुवांनी रिवाजाप्रमाणे तलावाच्या पाळ्यांची वही काढली आणि नावं वाचायला सुरुवात केली. मी खाटेवर बसलो होतो, पहिला चहा हातात. केव्हा संपतंय याची वाट बघत. शेवटचं नाव झालं. बुवांनी वही मिटली नाही. चष्मा वर केला.

"शेवटची बांधी," ते म्हणाले, "घनश्याम."

गावात घनश्याम नावाचा दुसरा कोणी आहे का, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. कोणी जवाईबापू म्हणालं नाही. दुलीचंदनं फक्त मान हलवली, जसं कोणाचंही नाव आल्यावर हलवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुष्पांजलीनं मला उठवलं. तिच्या हातात चहा नव्हता. फावडं होतं.

"तलावाची डागडुजी आहे," ती म्हणाली. "घरटी एक माणूस. मोठेबाबा पाळीवर उभे आहेत, आन् विचारून राहिले, शेवटच्या बांधीवाला काऊन नाई आला अजून?"